मान वर करायचं प्रशिक्षण

विद्यापीठाच्या प्रशिक्षण कक्षात एकच बाई होत्या आणि त्यांना सगळे चौकशीबाई म्हणत. तोंडावर नव्हे अर्थात, तोंडावर ‘मॅडम’. हे नाव कुणी पाडलं तेही बाईंनी शोधून काढलं होतं, कारण एखादी गोष्ट मुळापासून कळल्याशिवाय त्यांना अन्न गोड लागत नसे. ग्रंथालयातले दोघे एकमेकांशी का बोलत नाहीत, लेखा विभागातल्या वहिनी लिफ्ट असताना जिन्यानेच का जातात, हे त्यांना माहीत असायचं. “दुसऱ्याच्या घरात काय शिजतंय ते कळल्याशिवाय तुला झोप यायची नाही,” असं त्यांची आई अजूनही म्हणायची, आणि आईचं म्हणणं काही खोटं नव्हतं. पण संस्था सुधारायची तर माणसं वागतात तशी का वागतात हे कळायला नको का, असा बाईंचा त्यावर ठरलेला सवाल असे.

त्यांच्या कार्यशाळांना लोक हौसेने येत. अर्धा दिवस खुर्चीपासून सुटका, वर चहा. वेळेचं नियोजन, संवादकौशल्य, ताणतणाव, सगळं ऐकून घ्यायचे, टाळ्या वाजवायचे आणि दुसऱ्या दिवशी होते तसेच. नळी फुंकली सोनारे, इकडून तिकडे गेले वारे. बाईंना हे ठाऊक होतं आणि रागही येई. पण पुढच्या महिन्यात नवी नळी घेऊन त्या उभ्या.

एक दिवस कुलसचिवांनी त्यांना बोलावलं. विषय होता उद्याकाका.

उद्याकाका पदवीपत्रांच्या खिडकीवर बसत. समोर कोण आहे, मुलगा की मुलगी, हसतोय की रडकुंडीला आलाय, काही न बघता, कागदावरची मान तसूभर न हलवता “उद्या या” म्हणत. कधीकधी काम खरोखरच उद्याचं असे. बरेचदा आजचंच असे. मुलांना त्यांचा चेहरा माहीत नव्हता. काचेमागे दिसे ते विरळ केसांचं डोकं आणि चष्म्याची दोरी.

“पदवीपत्रांची गर्दी सुरू व्हायच्या आत यांना तळघरात हलवतो,” कुलसचिव म्हणाले. “जुन्या उत्तरपत्रिका सांभाळायच्या. तिथे ना माणूस ना काणूस. तुमच्या कार्यशाळेत एकदा घ्या त्यांना, आणि सुधारण्यातले नाहीत असा अभिप्राय द्या. म्हणजे पुढे कटकट नको.”

“आणि सुधारण्यातले निघाले तर?”

कुलसचिव हसले. “मॅडम, पालथ्या घड्यावर पाणी किती ओतायचं ते तुम्ही ठरवा.”

कार्यशाळेत बाईंनी खिडकीवरच्या सगळ्यांना बोलावलं आणि एक खेळ मांडला. एकाने टेबलामागे कर्मचारी होऊन बसायचं, दुसऱ्याने टेबलासमोर विद्यार्थी व्हायचं. शेजारच्या खिडकीवरची बडबडी, जिचं तोंड जेवतानाही बंद नसे, ती आधी विद्यार्थिनी झाली. तिने टेबल बडवलं, कुलगुरूंकडे जाण्याची धमकी दिली, खोटंखोटं रडली. दुसरे दोघेतिघे त्याहून जोरात ओरडले. सगळ्यांची मस्त करमणूक झाली.

मग उद्याकाका उठले. ते ओरडले नाहीत. टेबलासमोर जरा बाजूला, दुसऱ्याला अडचण होऊ नये असे उभे राहिले. खांद्यावर नसलेली पिशवी त्यांनी सावरली. काहीतरी म्हणायला तोंड उघडलं, मिटलं, मागे रांगेकडे अपराध्यासारखं बघितलं. “मी कालही येऊन गेलो होतो,” ते हळूच म्हणाले, आणि टेबलामागच्याने ठरल्याप्रमाणे “उद्या या” म्हणताच मान हलवून निमूट बाजूला झाले. पण गेले नाहीत. दोन पावलांवर थांबून त्या टेबलामागच्या माणसाकडे बघत राहिले, आता तरी हा वर बघेल म्हणून.

खोलीत कुणी टाळी वाजवली नाही.

आणि चौकशीबाईंच्या डोक्यात किडा शिरला. जो माणूस वर्षानुवर्षं मान वर करत नाही, त्याने समोरचा कसा उभा राहतो हे बघितलं कधी?

त्या दिवसापासून बाईंचे पाय पदवीपत्रांच्या खिडकीकडे वळू लागले. कधी स्टेपलर हवा म्हणून, कधी पंख्याची चौकशी म्हणून. ताकाला जाऊन भांडं लपवण्याचा हा उद्योग बडबडीच्या लक्षात आला. “मॅडम, काकांबद्दल विचारायचंय ना?” ती कुजबुजली. “अहो, एक गंमत सांगते. तळघरात जायचं म्हटलं तर या माणसाने उड्या मारायला हव्यात की नाही? माणसांचा एवढा कंटाळा! तर हे चक्क साहेबांच्या पाया पडायला गेले होते, मला खिडकीवरून हलवू नका म्हणून. आता बोला!”

आता बोला! बाईंच्या डोक्यातल्या एका किड्याचे दोन झाले. जेवणाच्या सुट्टीत त्यांनी सरळ आपला डबा उचलला आणि काकांच्या टेबलाशी जाऊन बसल्या.

“काका, आडपडदा न ठेवता विचारते. तुम्हाला ही खिडकी कशाला हवी? लोकांकडे तर तुम्ही बघतही नाही.”

काकांनी घास खाली ठेवला. ते डब्याच्या झाकणाशी चाळा करू लागले. “अभिप्राय द्यायचाय ना तुम्हाला? द्या काय द्यायचा तो.”

“अभिप्राय राहू द्या. तुम्ही त्या दिवशी जसे उभे राहिलात, तसं कोण उभं राहतं?”

काकांचे डोळे एकदम भरून आले. इतका कोरडा माणूस इतक्या लवकर रडेल असं बाईंना वाटलं नव्हतं आणि त्यांना जिथेतिथे खुपसल्या जाणाऱ्या स्वतःच्या नाकाची लाज वाटली. पण उठून जाववेना.

“माझी लेक,” काका म्हणाले. “इथेच शिकते. गेल्या वर्षी तिला एक दाखला हवा होता, तोही याच खिडकीवर मिळतो. घरी नाही बोलली. म्हणाली असेल, बाबांना आश्चर्याचा धक्का देऊ, खिडकीवर जाऊन उभी राहू. रांगेत थांबली आणि माझ्यासमोर आली.”

बाईंचा हात डब्यातच राहिला.

“मी म्हणालो उद्या या. दुसऱ्या दिवशी आली. पुन्हा म्हणालो. दोन्ही वेळा ती बाजूला उभी राहून बघत होती म्हणे. आवाजसुद्धा नाही ओळखला मी तिचा, मॅडम. पोटच्या पोरीचा. मग संध्याकाळी स्वयंपाकघरात आईला तिने सगळं करून दाखवलं. मी कशी उभी होते, पिशवी कशी सावरली, बाबा कसे बसले होते. मी दाराशी येऊन बघितलं. आधी मला वाटलं, कुणाची तरी नक्कल करतेय. हसायलाच लागलो.”

“मग?”

“मग काय. तिने माझ्याकडे बघितलं. त्याच आठवड्यात मावशीकडे राहायला गेली. आईशी बोलते. माझा फोन घेत नाही. माझ्या मेव्हणीच्या दाराशी जाऊन आलो, तर मागच्या दाराने बाहेर पडली.” त्यांनी नाक पुसलं. “आता तिची शेवटची परीक्षा झाली. पदवीपत्र स्वतःच येऊन घ्यावं लागतं, दुसऱ्याच्या हाती मिळत नाही. घरी येत नाही, पण इथे तिला यावंच लागेल. ती येईल तेव्हा मी इथे असायला हवा. बस, एवढंच. त्यानंतर तळघरात टाका नाहीतर पाताळात.”

त्यांनी आपल्या डब्यातली अर्धी पोळी काकांच्या झाकणावर ठेवली, का ते त्यांनाही कळलं नाही. मग त्यांच्यातली चौकशी पुन्हा जागी झाली.

“एवढं सगळं झालं, तरी अजून मान खालीच?”

“पूर्वी सवय होती,” काका म्हणाले. “आता भीती वाटते. वर बघितलं आणि तीच असली तर काय बोलू? आणि नसली तरी जीव खालीवर होतो.”

“असं कसं चालेल? रांगेत ती कितवी उभी आहे हे काय तुम्हाला स्वप्नात कळणार आहे? तिच्याकडे बघायचं असेल तर सगळ्यांकडे बघावं लागेल. मी अभिप्राय लांबवते. पण उद्यापासून प्रत्येकाकडे बघायचं. प्रत्येकाकडे!”

बाईंनी कुलसचिवांना सांगितलं की माणूस सुधारण्यातला आहे, गर्दी संपेपर्यंत हलवू नका, काही झालं तर माझं नाव पुढे करा. हे बोलताना त्यांचे कान गरम झाले होते. सुधारणेचा पुरावा मागितला असता तर त्यांच्याकडे अर्धी पोळी सोडून काही नव्हतं.

काकांनी मात्र शब्द पाळला, आणि तो असा पाळला की आगीतून फुफाट्यात. ते प्रत्येकाकडे बघू लागले. नुसतं बघत नव्हते, न्याहाळत होते. मुलगी असली की चष्मा पुसून न्याहाळत. मुलांना घाम फुटायचा. एकाने तर आपलं पदवीपत्र खोटं निघालं की काय म्हणून विचारलं. कुलसचिवांचा फोन आला. “मॅडम, आधी तक्रार होती की बघत नाहीत. आता तक्रार आहे की बघतात!”

“सराव नाही हो त्यांना,” बाई म्हणाल्या. “बसेल हात. म्हणजे, बसतील डोळे.”

आणि बसले. हळूहळू काका “बस इथे, दमलीस का” असं काहीबाही बोलू लागले. कुणाचं नाव वाचून “छान गुण आहेत की” म्हणू लागले. रांग भराभर सरकायला लागली, कारण आता काकांना ती लवकर संपवायची होती. मागे कोण उभं असेल कुणास ठाऊक. बाई रोज एक फेरी मारत आणि काका रोज, विचारायच्या आधीच, नकारार्थी मान हलवत. गर्दी ओसरत चालली तशी त्या मानेतली ताकद कमी होत गेली. “आली नाही तर?” असं बाईंनी एकदा आईला विचारलंसुद्धा.

ती आली त्या दिवशी बाई खिडकीच्या आतल्या बाजूला, कपाटाशी उभ्या होत्या, पुन्हा स्टेपलरच्या निमित्ताने. काकांनी एका मुलाला पदवीपत्र दिलं, “पुढे या” म्हटलं, वर बघितलं, आणि त्यांचा हात गठ्ठ्यावर होता तसाच राहिला. बाईंनी काचेतून एक सावळी, चष्मा लावलेली मुलगी बघितली. ती बापाकडे बघत होती. राग होता की नव्हता, बाईंना कळेना.

“अय्या, काका, तुमची लेक!” शेजारच्या खिडकीतून बडबडी ओरडली. “मग तिचं काम मी करते. घरच्या माणसाचं काम आपल्या हाताने करायचं नाही, नियम आहे. परवाच मॅडमनी शिकवलं. ये गं, इकडे ये.”

चौकशीबाईंनी डोक्याला हात लावला. आजवर इतकं शिकवलं, इतके फळे भरले, आणि कुणाच्या डोक्यात राहिलं काय, तर नेमकं हे, आणि नेमकं आज! बडबडीचं तोंड दाबावं असं त्यांना मनापासून वाटलं. पण मुलगी सरकलीही होती. ती शेजारच्या खिडकीशी गेली आणि काकांच्या काचेसमोर पुढचा मुलगा येऊन उभा राहिला.

काका त्या मुलाकडे बघत बसले. मग उठले. खुर्ची मागे सारली, बाईंच्या अंगावरून, त्यांना न बघताच, मागच्या दाराने बाहेर गेले. गेला हा माणूस तोंड लपवायला, बाईंच्या मनात आलं. त्यांना इतकं वाईट वाटलं की त्या काकांच्या खुर्चीत जाऊन बसल्या आणि समोरच्या मुलाला त्यांनी, कसं कोण जाणे, “थांब जरा” म्हटलं.

तेवढ्यात काका काचेच्या पलीकडे दिसले. अख्ख्या इमारतीला वळसा घालून, धापा टाकत, ते बाहेरच्या बाजूला आले होते. शेजारच्या रांगेच्या कडेने चाचरत पुढे येत ते लेकीच्या बाजूला, पण जरा अंतर ठेवून, उभे राहिले. काय करावं हे न सुचून त्यांनी दोन्ही हात मागे बांधले.

“ओ काका,” रांगेतला एक जण खेकसला, “आम्ही काय वेडे म्हणून उभे आहोत? मागून या.”

काका खरंच मागे वळले. बाई खुर्चीतून अर्ध्या उठल्या.

मुलगी सही करत होती. तिने पेन थांबवलं, बापाकडे बघितलं, मग त्या खेकसणाऱ्याकडे.

“ते माझ्याबरोबर आहेत,” ती म्हणाली, आणि सरकून तिने त्यांना खिडकीशी जागा करून दिली.