खंडोबाशेजारचा बिल्ला

पलटणीचा खरा बिल्ला आणि नकली बिल्ला यांत जाणकाराची फसगत होणं अशक्य आहे, असं नांदेडचे शेषेराव छातीवर हात ठेवून सांगत. तीस वर्षं ते फौजी बिल्ले जमवत होते. दोनशे सहा जमले होते. त्यातले अकरा नकली निघाले, असं ते स्वतः सांगत. बाकीचे अजून निघायचे आहेत, असं त्यांच्या पत्नी सांगत.

त्यांना लातूरला मीच बोलावलं. लातूर जिल्हा झाला त्याच्या पुढचा उन्हाळा होता. पाऊस आला नव्हता, पण कलेक्टर कचेरी आली होती. नव्या जिल्ह्याला जुना इतिहास लागतो, म्हणून कचेरीने वस्तूंचं प्रदर्शन भरवायचं ठरवलं, आणि आमच्या गल्लीतला रामकिशन जमादार वडिलांचा बिल्ला द्यायला तयार झाला. वडील निजामाच्या रिसाल्यात, म्हणजे घोडदळात, जमादार होते, असं तो सांगे. आडनाव तिथूनच आलेलं. समोरचा दुकानदार संगप्पा मात्र वर्षानुवर्षं एकच प्रश्न विचारायचा.

"काय जमादार, वडील घोड्यावर बसायचे का घोड्याला गवत टाकायचे?"

प्रदर्शनात बिल्ल्याखाली वडिलांचं नाव लागलं की हे तोंड बंद होणार होतं. रामकिशनला तेवढंच पाहिजे होतं. कचेरीला मात्र जाणकाराचा दाखला पाहिजे होता.

शेषेराव एस्टीतून उतरले ते भिंग हातात घेऊनच. बिल्ला देवघरात होता. रामकिशनची आई सरजाबाई देवांची अख्खी ताटलीच घेऊन आली. टँकर आठ दिवसांआड येत असल्याने देवांना दोन महिने आंघोळ नव्हती. नुसतं हळदीकुंकू वाढत गेलं होतं.

"कोरड्या फडक्यानं पुसा," ती म्हणाली. "पानी मागू नका." आणि चहा टाकायला आत गेली.

ताटलीत घोडा असलेले पितळी तुकडे दोन निघाले. रामकिशन दचकून माझ्याकडे वळला.

"दोन कसे काय, सर? मी तर एकच समजत होतो."

"पूजा कोण करतं?" मी विचारलं.

"माय."

"मग तुला देव तरी किती माहीत असणार?"

शेषेरावांनी दोन्ही तुकडे उलटे केले. ते बिल्ल्याचं तोंड बघतच नसत. "तोंडानं माणूस खोटं बोलतो," ते म्हणाले. "बिल्ला पाठीनं खरं बोलतो." खरा बिल्ला ठशात दाबून काढलेला असतो, त्यामुळे पुढे जिथे उंचवटा तिथे मागे खोलगट. नकली बिल्ला ओतलेला; त्याची पाठ सपाट, खडबडीत आणि वजन जास्त. शिवाय खरा बिल्ला वापराने उंच जागी झिजतो.

एक तुकडा पातळ होता, मागून पोकळ, पुढून घोड्याचं नाक झिजलेलं. दुसरा जाड, सपाट पाठीचा. त्याच्या कडेला काहीतरी उमटलेलं होतं, पण त्यात कुंकू दगडासारखं बसलेलं.

शेषेरावांनी पातळ तुकडा उचलला. "हा अस्सल. शंभर टक्के. वर स्वारही दिसतो बघा. जाड तो बाजारी माल."

रामकिशनने दारातूनच आवाज दिला, "संगप्पा, या हिकडं! जाणकार काय म्हनून राहिले, ऐका जरा!"

संगप्पा दुकान उघडं टाकून आला. शेषेरावांनी तुकडा पाकिटात घातला, दाखला लिहायला घेतला, आणि सरजाबाई चहा घेऊन बाहेर आली.

"खंडोबाला कुठं घालून राहिले ओ?"

शेषेरावांनी दाखला सोडून पाकिटाकडे बघितलं.

"आमचा टाक हाय त्यो. लगीन झालं त्या साली माळेगावच्या जत्रंत सोनाराकडून घेतला. चांदीचा परवडला न्हाई." पाकिटातून देव काढून तिने कपाळाला लावले. देवाचे टाकही ठशावर ठोकूनच काढतात, हे मला माहीत होतं. आठवलं नव्हतं.

"मग हा जाड?" रामकिशनने दुसरा तुकडा पुढे केला.

"त्यो तुज्या बापानं आनलेला."

"म्हंजे बा नकली बिल्ला घेऊन आला?"

"तरी मी म्हनलो," संगप्पा म्हणाला.

शेषेरावांनी जाड तुकडा पुन्हा हातात घेतला, भिंग लावलं, काढलं, पुन्हा लावलं. मागच्या जाड कड्या जुन्या होत्या. नकली माल करणारा एवढ्या मजबूत कड्या कशाला घालेल? टोपीला हा तुकडा लावला तर टोपीच खाली येईल. खरा म्हणावा तर टोपीचा नाही, खोटा म्हणावा तर जुना. "धुतल्याशिवाय सांगता येत नाही," ते शेवटी म्हणाले.

शेषेराव मुक्कामाला राहिले. टँकर दुसऱ्या दिवशी आला, आणि मागोमाग संगप्पाही. सरजाबाईने आधी स्वयंपाकाचं भरलं, मग पिण्याचं, आणि उरलेला तांब्या आमच्यासमोर ठेवला. चिंचेने कुंकू सुटलं. कडेला उर्दू अक्षरं वर आली. माझी तिसरीपर्यंतची शाळा निजामाच्या राज्यात उर्दूतून झालेली, मीच वाचलं.

"अस्प. नंबर एक्केचाळीस."

"अस्प म्हंजी कोन?" रामकिशनने विचारलं. "हुद्दा का?"

"घोडा," मी म्हणालो.

"छातीपट्ट्याचा!" शेषेराव ओरडले. "घोड्याच्या छातीवरच्या कातडी पट्ट्याला लागतो हा. म्हणून ओतीव, म्हणून जाड. अस्सल आहे!"

रामकिशनच्या जिवात जीव आला. तो आईकडे वळला. "माय, म्हंजे ह्या घोड्यावर बा बसायचा?"

"त्यो कशाला बसंल? जमादार बसायचा. तुजा बाप मागं पळायचा, चारा घिऊन. समदे म्हनायचे जमादाराचा मानूस, जमादाराचा मानूस. गावात येईस्तोवर मानूस गळला, जमादार ऱ्हायला."

"मंग इतकी वर्षं बोलली का न्हाईस?"

"मला कोन इचारलं? तुमी बिल्ल्याला इचारीत बसले. घोड्याचा हाय म्हनून तर देवापाशी ठिवला. खंडोबाला घोडा लागतोच की."

संगप्पा उठून दुकानात गेला. त्याला आता विचारायला प्रश्न उरला नव्हता.

शेषेरावांनी दाखला लिहून दिला. प्रदर्शनात बिल्ला लागला. खाली टाइप केलेली चिठ्ठी होती: घोडा, नंबर ४१.