शिशाची रेघ चुकते तेव्हा

मी एक जुना धातुमापक आहे, मित्रांनो. नाव जड वाटले तरी माझे काम साधे आहे. पाण्यात शिसे, तांबे असे काही मिसळले असेल, तर ते किती आहे हे मी सांगतो. माझ्या एका टोकाला दिवा आहे, मधे ज्योत आणि दुसऱ्या टोकाला प्रकाश पाहणारा डोळा. ज्योतीत पाण्याचा बारीक फवारा सोडतात. त्यात शिसे असेल तर ते शिशाच्या दिव्याचा थोडा प्रकाश गिळते. किती गिळला, त्यावरून आकडा निघतो. दिव्याच्या प्रकाशात वेगवेगळ्या तरंगलांबीच्या अनेक रेघा असतात. मात्र शिसे आपल्या ठरलेल्या रेघेचाच प्रकाश गिळते, शेजारच्या रेघेला तोंडही लावत नाही. म्हणून माझ्या पोटात एक आरसा आहे आणि तो फिरवून नेमक्या रेघेवर आणणारी इवलीशी मोटर. आरसा केसभर हलला तरी मी आंधळाच.

कारखान्यात माझे भिंग बसवणारी बाई श्वास रोखून काम करायची. तिच्या हातचे यंत्र म्हणून मला अजून अभिमान वाटतो. तिथून मी आलो तो थेट एका मोठ्या इस्पितळाच्या पाणी-तपासणी खोलीत. सुरुवातीला माझे काय कौतुक! कोणी पाहुणे आले की आधी माझ्यासमोर उभे राहत. मी विहिरी तपासल्या, टाक्या तपासल्या, एकदा तर शाळेचा नळही बंद करायला लावला. मग काळ बदलला. मोठ्या शहरात नवी यंत्रे आली आणि बरेचसे नमुने तिकडे जाऊ लागले. माझ्या झाकणावर कोणी चहाचा कप ठेवी, कोणी ओला रेनकोट टाकी. मला चालवणारा जुना संगणक तर एके दिवशी धूर सोडून कायमचा गप्प झाला. त्याची डिस्क तेवढी वाचली.

माझी खरी काळजी घेत त्या इथल्या रसायनतज्ज्ञ बाई. बोलायला फटकळ, हाताला चोख. त्यांनी नवा संगणक मिळवला, पण माझा जुना प्रोग्रॅम त्यावर चालेना. तो नव्याने बांधायला हवा होता. सवडीने पाहू, असे त्या म्हणत राहिल्या. सवड मात्र मिळाली नाही. मिळाली ती आणीबाणी.

जवळच्या एका वस्तीतली मुले पोट धरून इस्पितळात येऊ लागली. चेहरे पांढरेफटक, खाल्लेले पोटात ठरत नाही. मुलांच्या डॉक्टरांना शिशाचा संशय आला. रक्ताचे नमुने मोठ्या शहरात गेले, पण उत्तर यायला वेळ होता. वस्तीत नुकतीच पाण्याची नवी लाइन जोडली होती. तिचे पाणी तूर्त बंद केले होते आणि पाणीपुरवठ्याचे साहेब सकाळीच आमच्या खोलीत येऊन बसले होते.

"बाई, अख्खी वस्ती माझ्या नावाने ओरडतेय," ते कपाळाचा घाम पुसत म्हणाले. "दुपारपर्यंत हो की नाही ते सांगा. नाहीतर मला पाणी सोडावंच लागेल."

डॉक्टर दारातच उभे होते. "आणि मला दोन मुलांना आज घरी सोडायचंय. खाटा कमी पडतायत. घरी जाऊन ती हेच पाणी पिणार."

बाईंनी फोन उचलला. पुन्हा खाली ठेवला. मग एकदम उचलून नंबर लावला. तो होता त्यांच्या नणंदेचा. ती प्रोग्रॅम लिहिणारी. घरात तिला सगळे ठकू म्हणत. दोघींमध्ये कित्येक महिने अबोला होता. ठकूने चांगली नोकरी सोडली तेव्हा बाई सगळ्यांसमोर बोलून गेल्या होत्या, "हिचं एक काम कधी शेवटाला जात नाही." ठकू त्या दिवसापासून भावाच्या घराची पायरी चढली नव्हती.

पण ती आली. वहिनीकडे न बघताच खुर्ची ओढून बसली.

"डिस्क कुठाय?" एवढेच म्हणाली.

मित्रांनो, प्रोग्रॅम म्हणजे एकच एक लेख नसतो. त्याचे अनेक तुकडे असतात आणि काही कामे आधीच तयार करून एका गठ्ठ्यात ठेवलेली असतात. त्या गठ्ठ्याला लायब्ररी म्हणतात. सगळे तुकडे लायब्ररीला जोडले गेले, तरच प्रोग्रॅम उभा राहतो. माझी मोटर कशी फिरवायची, माझा दिवा कसा लावायचा, हे माझ्या लायब्ररीत होते.

ठकूने तुकडे तयार केले. ते बिनतक्रार झाले. जोडायची वेळ आली आणि पडदा तांबड्या ओळींनी भरला. मोटर फिरवण्याचे काम सापडत नाही. दिवा लावण्याचे काम सापडत नाही.

"म्हणजे बिघडलंय?" साहेबांनी घड्याळ पाहिले.

"नाही हो. नावं आहेत, पण त्या नावांची कामं जिथे आहेत तो गठ्ठाच याला मिळत नाहीये."

तिने जुन्या डिस्कवरून माझी लायब्ररी उतरवून घेतली. संगणकाने तिला हातही लावला नाही. लायब्ररी जुन्या बत्तीस बिटांच्या घडणीची आणि संगणक नव्या चौसष्ट बिटांचा. ठकूने ओठ चावला. सगळा प्रोग्रॅम जुन्याच घडणीचा बांधायचा, असे तिने ठरवले. त्यासाठीची साधने उतरवून घेण्यात बराच वेळ गेला. साहेबांनी दोनदा बाहेर जाऊन फोनवर कोणाची तरी समजूत काढली. एवढे करूनही तांबड्या ओळी हटेनात.

"ठकू," बाई पहिल्यांदाच बोलल्या, "जमत नसेल तर तसं सांग. मी दुसरं काहीतरी बघते."

ठकूची मान ताठ झाली. "जमणार नाही असं मी म्हटलंय का, वहिनी?"

ठकूने जोडणीची आज्ञा पुन्हा वाचली. लायब्ररीचे नाव आधी होते आणि तिची गरज असणारा तुकडा नंतर. जोडणारा प्रोग्रॅम एकदा पुढे गेला की मागे वळून बघत नाही. तिने नावांची जागा बदलली. एकही तांबडी ओळ आली नाही. माझा दिवा लागला! माझ्या मोटरीत किती दिवसांनी थरथर आली. खोलीत सगळ्यांनी सुटकेचा श्वास सोडला.

पण माझा श्वास अडकला, मित्रांनो. मोटर फिरली आणि आरसा भलत्याच जागी थांबला. शिशाच्या रेघेवर नाही, शेजारच्या एका रेघेवर. प्रकाश तिथेही होता, लख्ख होता, पण शिसे तो गिळत नाही. किती प्रकाश गिळला म्हणजे किती शिसे, याचे जुनेच मोजमाप वापरून बाईंनी घाईने वस्तीचे पाणी ज्योतीत सोडले. पडद्यावर आकडा आला. शून्य.

"सुटलो!" साहेब उठलेच. खिशातून फोन काढून म्हणाले, "पाणी स्वच्छ आहे, व्हॉल्व्ह उघडायला सांगतो."

मला ओरडावेसे वाटले. पण यंत्राला तोंड कुठे असते? मला दिसत होती ती ज्योत. तिच्यातून जाणारे शिसे माझ्या डोळ्यासमोरून सुखरूप निघून जात होते.

"थांबा," बाई म्हणाल्या. "आधी ओळखीचं द्रावण लावते. ज्यात शिसं किती ते मला ठाऊक आहे."

"आता कशाला? आकडा आलाय ना?"

"आकडा आलाय. पण तो खरा आहे का, ते कुठे कळलंय?"

त्यांनी शिसे घातलेले द्रावण ज्योतीत सोडले. पडद्यावर पुन्हा शून्य.

ठकूचा चेहरा उतरला. तिला वाटले, आता वहिनी सगळ्यांसमोर पुन्हा तेच बोलणार. बाई तिच्या खुर्चीशी गेल्या आणि हळू आवाजात म्हणाल्या, "दिवा लागतोय, मोटर फिरतेय. तुझी जोडणी झालीय, त्यात शंका नाही. पण ही मोटर कोणाच्या सांगण्यावरून फिरतेय, ते बघशील?"

ठकूने चमकून वर पाहिले. "कोणाच्या सांगण्यावरून... वहिनी, या संगणकावर दुसरं कुठलं यंत्र जोडलं होतं का?"

"कंपनीचा माणूस नवं मॉडेल दाखवायला आला होता. काहीतरी टाकून गेला."

"तिथेच घोळ आहे!"

ठकूने तपासले. जोडताना माझी लायब्ररी घेतली गेली होती, पण प्रोग्रॅम चालताना त्याच नावाची दुसरी लायब्ररी पुढे होत होती. ती होती माझ्या धाकट्या भावाची, म्हणजे त्या नव्या मॉडेलची. नाव तेच, कामांची नावेही तीच, पण त्याच्या मोटरीची पावले वेगळी. त्याच्या पावलांनी मी चाललो होतो.

साहेब हातात फोन धरून उभे होते. "बाई, माझी माणसं व्हॉल्व्हपाशी उभी आहेत."

"उभी राहू देत," डॉक्टर म्हणाले.

ठकूने माझी लायब्ररी प्रोग्रॅमच्या शेजारी आणून ठेवली आणि चालताना हीच घ्यायची, असे त्याला बजावले. कोणती उचलली तेही पडद्यावर पाहून घेतले. मोटर फिरली. आरसा वळला, वळला आणि थांबला. माझ्या रेघेवर! ओळखीच्या द्रावणाचा आकडा चोख आला. मग बाईंनी मोजमाप नव्याने करून वस्तीचे पाणी सोडले.

आकडा चढत गेला. आणखी चढला. बाईंनी दुसऱ्यांदा मोजले, तिसऱ्यांदा मोजले. तितकाच.

साहेबांनी पुढे होऊन आकडा स्वतः वाचला. मग त्यांनीच फोन कानाला लावला आणि म्हणाले, "व्हॉल्व्हला कोणी हात लावायचा नाही. टँकर पाठवा. आणि नवी लाइन कुठे जोडलीय, तिथे खणायला घ्या."

खणल्यावर सापडले. दुरुस्तीच्या गडबडीत नवी लाइन एका जुन्या शिशाच्या नळाला जोडली गेली होती. मुले हळूहळू बरी झाली. त्यातल्या एका मुलीने जाताना आमच्या खोलीत डोकावून मला जीभ दाखवली. इतक्या वर्षांत मला मिळालेले सर्वांत गोड प्रशस्तिपत्रक ते.

त्या दुपारी सगळे गेल्यावर बाई ज्योत विझवत म्हणाल्या, "त्या दिवशी मी तसं बोलायला नको होतं."

ठकू वायर गुंडाळत होती. "आज मधेच दुसरं काही बघितलं असतंत ना वहिनी, तर मी खरंच उठून गेले असते."

"मग घरी येतेस का? तुझा दादा रोज विचारतो."

"तुम्ही विचारताय की दादा?"

"मी," बाई म्हणाल्या.

मित्रांनो, माझ्या शेजारी आता नवे यंत्र आले आहे. माझे दिवस थोडे उरले, हे मला कळते. एकच मागणे आहे. जुन्या यंत्राची धूळ पुसा, त्याच्यावर चहाचे कप ठेवू नका, त्याच्या जोडीची लायब्ररी जपून ठेवा. आणि एवढे सगळे करून माझ्यावर डोळे मिटून विश्वास मात्र ठेवू नका. मी दिलेला आकडा कितीही हवाहवासा वाटला, तरी एकदा ओळखीचे द्रावण ज्योतीत सोडा आणि मला विचारा, "खरं सांगतोयस ना?" मला त्याचा राग येत नाही. मला स्वतःहून बोलता येत नाही, म्हणून तुम्ही विचारायचे असते.