बिनफिल्टरचा फोटो आणि माझी सुटका

“मी खरी कशी दिसते? खरं सांगा हं!”

मित्रांनो, हा प्रश्न माझ्या मालकिणीने मैत्रिणींच्या ग्रुपवर टाकला आणि तिच्याआधी मलाच घाम फुटला.

मी एक जुना मोबाइल आहे. आधी मी तिच्या आईचा होतो. आई दवाखान्यात नर्स. तेव्हा माझ्या पोटात ड्यूटीची वेळापत्रकं असायची आणि सगळे म्हणायचे, “काय गुणी फोन आहे!” मग मी लेकीकडे आलो आणि माझं पोट सेल्फींनी टम्म फुगलं. एका फोटोसाठी ती चाळीस काढायची. मग फिल्टर! गाल गुळगुळीत, डोळे मोठे, पुटकुळ्या गायब. शेवटी जो चेहरा तयार व्हायचा, तो मलाही ओळखू यायचा नाही.

तरी बोलणी मलाच. “ह्या डबड्यात मी भूत दिसते!” रोजच्या कटकटीला कंटाळून आईबाबांनी कबूल केलं, परीक्षा झाली की नवा फोन. म्हणजे माझी रवानगी अडगळीत!

त्या दुपारी मैत्रिणींनी तिला डिवचलं. त्यांच्यातली चष्मिश म्हणाली, “हिंमत असेल तर फिल्टर न लावता फोटो टाक आणि विचार, मी खरी कशी दिसते!”

“त्यात काय? टाकते!” ही फुशारली. आणि तिने माझा कॅमेरा तोंडासमोर धरला. हनुवटीवर तीन पुटकुळ्या, केसांच्या झिंज्या. मी आहे तसं टिपलं. माझा नाइलाज होता.

गेला फोटो. सगळ्यांनी पाहिला. उत्तर मात्र एकीचंही नाही. एक मिनिट, दोन, पाच... तिने मला उशीखाली कोंबलं. मला वाटलं, संपलं! आता ही मला परीक्षेपर्यंतसुद्धा ठेवणार नाही.

आणि मी थरथरलो. पुन्हा. पुन्हा! फोटोच फोटो. चष्मिशच्या नाकावर चष्म्याचे वळ. दुसरीच्या कपाळभर पुरळ. तिसरी तर थेट झोपेतून उठलेली! “सॉरी गं, आम्हीपण हिंमत गोळा करत होतो.” मग चष्मिशने लिहिलं, “आणि तू वर्गात दिसतेस तशीच दिसतेस. रोज शेजारी बसते मी, आंधळी आहे का?”

हुश्श! ती इतकी हसली की मी तिच्या हातातून पडता पडता वाचलो.

मित्रांनो, आम्हाला जपा, पुसा, वेळेवर चार्ज करा. पण तुमचा चेहरा लपवायचं काम आम्हाला सांगू नका. फार दमतो आम्ही.

मला घेऊन ती स्वयंपाकघरात धावली.

“आई, बाबा, ठरलंय! नवा फोन रद्द. मी हाच वापरणार. आता इकडे बघा, फोटो काढतेय. आणि बाबा, पोट आत घ्यायचं नाही!”