हजार कुठून आला?

मित्रांनो, मला पाहिलंत तर पाणी प्यायचा तांब्याच समजाल. चूक तुमची नाही. मी आहे खरोखरच तांब्याचा. पण मी एक जुना कॅलरीमापी आहे. पदार्थ तापायला किती उष्णता घेतो, ते माझ्या पोटात मोजतात.

माझा जन्म अंबाल्याच्या कारखान्यातला. तिथून पेंढ्यात गुंडाळून, आगगाडीने आणि पुढे एसटीने मी बारामतीकडच्या कळंबजवळच्या एका शाळेत आलो. अंगावर लोकरीचं अस्तर, बाहेर लाकडी पेटी, सोबत तारेची ढवळणी. विजयमालाबाई विज्ञान शिकवायच्या. उकळत्या पाण्यातला लोखंडी गोळा त्या माझ्यातल्या गार पाण्यात सोडत आणि मुलं श्वास रोखून तापमापीकडे बघत. तेव्हा मला फार मोठं झाल्यासारखं वाटे.

पूर्वी हिशोब सोपा होता. एक ग्रॅम पाणी एक अंशाने तापवायला एक कॅलरी लागते, म्हणून पाण्याचा विशिष्ट उष्मा एक. मग नवी पुस्तकं आली. त्यांत कॅलरीच्या जागी ज्यूल, ग्रॅमच्या जागी किलोग्रॅम, अंशाच्या जागी केल्विन. पाण्याच्या एकाचे झाले बेचाळीसशे. मुलं गांगरली. बाई समजावत, की माप बदललं म्हणून पाणी बदलत नाही. आजी दूध शेराने मोजते, डेअरीवाला लिटरने मोजतो, म्हैस तेवढंच देते.

नववीत दिशा नावाची मुलगी होती. वस्तीवरून चालत यायची. तिला पाठ करणं जमत नसे, कळल्याशिवाय पुढे जाववत नसे. एके दिवशी शाळा सुटता सुटता ती माझ्यापाशी येऊन उभी राहिली.

"बाई, एका कॅलरीचे ज्यूल चार पूर्णांक दोन. केल्विनचंबी कळलं, एक अंश वाढला म्हंजी एक केल्विनच वाढला. मग बेचाळीसशे कसं? वरचा हजार कुठनं आला?"

बाईंना बारामतीची एसटी गाठायची होती. त्या हसून म्हणाल्या, "उद्या सांगते. ह्याच्यावरच करून दाखवते." त्यांनी मला कपाटात न ठेवता टेबलावरच ठेवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी दिशा वैरण आणायला उसाच्या बांधाला गेली आणि तिला साप चावला. जीपमधून बारामतीला नेलं, पण वाटेतच ती गेली.

पुण्यानुमोदनाला, म्हणजे मृत्यूनंतरच्या बौद्ध विधीला, बाई तिच्या घरी गेल्या. परत आल्या त्या थेट माझ्यापाशी. मला पुसलं, पेटीत घातलं आणि कपाटात अगदी मागे सारलं. त्यानंतर तो धडा त्या खडूफळ्यावरच उरकू लागल्या. बेचाळीसशे आला की म्हणत, "हे पाठ करा." मी अंधारात हिरवा पडत गेलो. मित्रांनो, मला त्यांचा राग कधी आला नाही.

बऱ्याच दिवसांनी एका दुपारी दिशाची आई, कुशाबाई, शाळेत आली. जय भीम म्हणून दाराशीच थांबली. बाईंनी तिला आत बसवलं, पाणी दिलं. तिने ते तसंच हातात धरून ठेवलं.

"आदल्या सांजंला भाकरी थापताना पोरगी म्हणली, आये, उद्या बाई मला हजार कुठनं आला ते सांगणार हायेत. ते काय हुतं, बाई? मला सांगा. न्हाय कळलं तरी ऐकते."

बाईंनी मला बाहेर काढलं. ढवळणी माझ्या काठावर वाजत होती. माझ्यात थोडं पाणी घालून त्या हळूहळू सांगू लागल्या. जुन्या मापात एक ग्रॅम पाणी धरायचे. त्याला एक कॅलरी, म्हणजे चार पूर्णांक दोन ज्यूल. नव्या मापात एक किलो पाणी धरतात. किलोत हजार ग्रॅम. चार पूर्णांक दोनला हजारने गुणलं की बेचाळीसशे.

"किलोचा हजार व्हय?"

"हो. एवढंच."

कुशाबाई माझ्यातल्या पाण्याकडे बघत राहिली. तिच्या आवाजात दोष देणं नव्हतं. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं.

"मग ह्ये सांगाया किती येळ लागला असता, बाई?"

बाईंनी तोंडाला पदर लावला. कुशाबाई उठली, त्यांच्या शेजारी बाकावर बसली आणि त्यांच्या पाठीवर हात ठेवला. ज्या बाईचं लेकरू गेलं होतं, तीच दुसरीला थोपटत होती.

तेव्हापासून मी पुन्हा कामावर आहे. बाईंची एसटी आता पुष्कळदा चुकते. मित्रांनो, आम्हा जुन्या वस्तूंना घासूनपुसून ठेवा, असं मी तुम्हाला म्हणणार होतो. पण माझ्यावर हिरवा थर चढला तरी तो निघतो. कुणी तुम्हाला काही विचारलं, तर मात्र तिथंच थांबा आणि सांगा.

दरवर्षी तो धडा येतो. बाई सगळं नीट समजावतात. हजार कुठून आला ते सांगून झालं, की वर्गाकडे पाठ करून फळा पुसू लागतात. तो कोरा असला तरी बराच वेळ पुसत राहतात.