टेबलापलीकडची खुर्ची

आमच्या घरात साहेब व्हायला कोणी तयार नव्हतं.

रविवारची सकाळ होती. शिलाई मशीनवरचे ब्लाउज, अस्तरं, रिळं सगळं पलंगावर ढकलून मी मशीनचंच टेबल केलं होतं. त्यावर धुतलेली चादर, पलीकडे घरातली एकुलती एक हातवाली खुर्ची आणि अलीकडे स्टूल. खुर्चीत एका साहेबानं बसायचं आणि स्टुलावर बसलेल्या माझ्या मुलाची, विनीतची, मुलाखत घ्यायची, एवढंच काम. क्लासच्या धनेश सरांनी सांगितलं होतं, घरातल्या मोठ्यांसमोर सराव करा, भीड चेपते. सरांनी आमचं घर पाहिलेलं नव्हतं.

"तुम्ही बसा," मी यांना म्हटलं. "तुम्हीच काय ते आर्मीतले."

"अगं, मी हवालदार होतो. मुलाखत कर्नल घेतात."

"मग आज व्हा कर्नल. त्यानं पेन्शन काही कमी होणार नाही."

यांनी चोवीस वर्षं फौजेत काढली आणि आता घोडबंदर रोडवरच्या एका सोसायटीत सिक्युरिटी सुपरवायझर आहेत. त्या चोवीस वर्षांत वर्तकनगरच्या या दोन खोल्यांत मी एकटीनं पोर वाढवलं, मशीन चालवली आणि फोनवर "सुट्टी मंजूर झाली का?" एवढंच विचारत राहिले. हे कायमचे घरी आले तेव्हा वाटलं, सुटले. तेवढ्यात बारावी झालेला विनीत अग्निवीर म्हणून भरती झाला. पुन्हा तोच फोन आणि तोच प्रश्न.

पण यावेळी चारच वर्षं होती. चार वर्षं संपली आणि माझा मुलगा परत आला. काय सांगू तुम्हाला, माझे पाय जमिनीवर नव्हते. कल्याण स्टेशनवर मी औक्षणाचं ताट घेऊन गेलेले. कॉलनीच्या गेटवर फ्लेक्स लावला, त्यावर त्याचा युनिफॉर्ममधला फोटो आणि खाली मोठ्या अक्षरांत 'वीर जवान विनीत यांचे हार्दिक स्वागत'. फ्लेक्स मीच सांगून करून घेतला होता. पुरणपोळ्या तर अख्ख्या मजल्याला वाटल्या.

नोकरीत असतानाच त्यानं मुक्त विद्यापीठाची दोन वर्षं उरकली होती, आता ठाण्यातच एका कॉलेजात शेवटच्या वर्षाला बसला. प्राध्यापक वर्गात आले की हा एकटाच ताडकन उभा राहतो म्हणून पोरं त्याला 'फौजीभाई' म्हणतात. मी मनातल्या मनात त्याची बँकेत नोकरी, फार तर पोलिसात, लग्न, डोंबिवलीकडे एखादा फ्लॅट असं सगळं लावून टाकलं होतं. आणि एक दिवस जेवताना हा म्हणाला, "आई, मी ऑफिसरची परीक्षा देतोय."

परीक्षा एकच, पण दारं दोन. एक डेहराडूनचं. तिथे दीड वर्ष ट्रेनिंग आणि मग निवृत्त होईपर्यंत फौज. दुसरं चेन्नईचं. तिथे वर्षाच्या आत ट्रेनिंग, गणिताचा पेपर नाही, आणि नोकरी दहा वर्षांची. पुढे ठेवलं तर ठेवलं, नाहीतर घरी. कुठलं दार पहिलं हे फॉर्ममध्येच लिहायचं आणि फॉर्मची मुदत मंगळवारी संपत होती. हे डेहराडूनवर अडून बसले आणि मी चेन्नईवर. ब्लाउज शिवताना आत थोडं जास्तीचं कापड दुमडून ठेवते मी, पुढे लागलं तर सोडता येतं. मुलाच्या आयुष्यातही तेवढी सोय असावी, असं माझं म्हणणं. खरं म्हणजे मला तो हवा होता. घरात, डोळ्यांसमोर. जायचंच असेल तर परतीच्या तारखेसकट जा, इतकंच मागत होते मी. विनीत आमच्या दोघांचं ऐकायचा आणि "बघू" म्हणून उठायचा.

तर, हे शेवटी खुर्चीत बसले. विनीत बाहेर जिन्यात गेला. दारावर टकटक झाली.

"मे आय कम इन, सर?"

आणि हे खाडकन उठून सावधानमध्ये उभे राहिले!

विनीत दारात ताठ, हे टेबलामागे ताठ. दोघांच्या नजरा समोर, मुठी मांडीला चिकटलेल्या. कोणी कोणाला बसा म्हणेना. मला हसू आवरेना, मी तोंडात पदर कोंबला.

"पप्पा, तुम्ही साहेब आहात!"

"अरे हो. सवय रे."

दुसऱ्या वेळीही तेच. तिसऱ्या वेळी यांनी खुर्चीचे हात घट्ट धरून ठेवले आणि उठले नाहीत, पण दार वाजताच तोंडातून निघालं, "जी, साब!" मग विनीतही हसत सुटला. हे मात्र हसले नाहीत. खुर्चीतून उठून चादरीची सुरकुती नीट करत म्हणाले, "चोवीस वर्षं टेबलाच्या अलीकडे उभा राहिलो. पलीकडून कसं बोलतात मला काय ठाऊक? तूच बस शेवंती. तुला सगळ्यांना फैलावर घ्यायची सवय आहे." आणि चहा ठेवायला स्वयंपाकघरात गेले.

मी बसले. गळ्यातली मोजपट्टीसुद्धा काढली नाही. टकटक झाली.

"या. बसा," मी म्हटलं.

विनीत स्टुलावर बसला. पाठ सरळ, हात गुडघ्यांवर. खेळ मोडायचा नाही असं त्यानं ठरवलेलं दिसलं.

"ऑफिसर का व्हायचंय?"

त्यानं इंग्रजीत सुरू केलं. लीडरशिप, चॅलेंज, नेशन... गाडी थांबेचना.

"मराठीत सांगा. साहेब सातारचे आहेत."

आतून यांचं हसू ऐकू आलं. मग मी माझा ठेवणीतला प्रश्न काढला. उत्तरात 'घर' आलं की तिथेच त्याला पकडायचं, असा माझा बेत होता.

"चार वर्षं फौजेत होतात ना? मग परत का आलात?"

"मुदत संपली, सर."

"काहींना पुढे ठेवतात म्हणे."

"चौघांतल्या एकाला, सर."

"मग तुम्हाला का नाही ठेवलं?"

बोलून गेले खरी, पण हा प्रश्न आमच्या घरात आजवर कोणी विचारलाच नव्हता. मला तर विचारायचं सुचलंही नव्हतं. तो आला म्हणून मी देवापुढे साखर ठेवली होती.

विनीतनं माझ्याकडे पाहिलं नाही. माझ्या डोक्यावरच्या भिंतीकडे बघत म्हणाला, "माहीत नाही, सर. माझं रनिंग चांगलं होतं, फायरिंग चांगलं होतं. यादी लागली तेव्हा माझ्या बाजूच्या खाटेवरचा मुलगा होता तिच्यात. मी नव्हतो. त्या रात्री त्यानं माझ्यासमोर घरी फोनसुद्धा केला नाही, मला वाईट वाटेल म्हणून."

मी गळ्यातल्या मोजपट्टीचं टोक हातात घेतलं.

"कल्याणला उतरलो तर आई ताट घेऊन उभी होती, सर. कॉलनीच्या गेटवर माझा फ्लेक्स लावलेला. सगळे म्हणत होते, आला आमचा वीर. आणि मी रिक्षातून उतरताना मान खाली घातलेली. मनात येत होतं, अरे, मी आलेलो नाही, मला परत पाठवलंय."

"मग आईला का नाही सांगितलंत?" माझा आवाज मलाच ओळखू आला नाही.

"ती खूप खूश होती, सर."

आई समोर असती तर हे पोर आयुष्यभर बोललं नसतं. टेबलापलीकडे साहेब होते म्हणून बोललं. त्या पुरणपोळ्या त्यानं कशा गिळल्या असतील? मोजपट्टी मी बोटाभोवती इतकी आवळली की बोट पांढरं पडलं.

"चेन्नई का नको?" मी विचारलं.

"वाईट नाही, सर. तिथले पण ऑफिसरच असतात. पण दहा वर्षांनी परत कोणीतरी ठरवणार, याला ठेवा, याला नको. ठेवतील पण कदाचित. तरी मी सगळी वर्षं त्या यादीचाच विचार करत बसेन. तशी चार वर्षं काढली मी एकदा."

"गणिताचा पेपर?"

"रोज पहाटे करतोय. जमेल."

रोज पहाटे दिवा दिसायचा मला. मला वाटायचं, कॉलेजचा अभ्यास असेल.

आतमध्ये चहा उतू गेल्याचा वास आला. मला त्या क्षणी उठून त्याला कुशीत घ्यावंसं वाटत होतं आणि म्हणावंसं वाटत होतं, नको रे, कुठेच नको जाऊस, कोण ठेवत नाही तुला, मी ठेवते. पण तो ज्यासाठी झुरत होता ते माझ्याजवळ नव्हतं. घरी काय, कुठलीही आई आपल्या पोराला ठेवते.

"पहिल्या नंबरला डेहराडून लिहा," मी म्हटलं. "दुसऱ्याला चेन्नई."

"सर," तो थांबला. "आईला चालेल का? तिला वाईट वाटेल."

"आईचं मी बघून घेते," साहेब म्हणाले. आणि मग साहेबांना रडू आवरेना.

विनीत स्टूल ढकलून आला आणि माझ्या पायाशी बसला, लहानपणी मशीनखाली चिंध्या गोळा करत बसायचा तसा. मी त्याचं डोकं कुरवाळत राहिले. केस अजून फौजेतल्यासारखेच बारीक होते.

हे चहा घेऊन बाहेर आले. डोळे लाल झालेले. तीन कप टेबलावर ठेवले आणि सवयीनं टेबलाच्या अलीकडेच उभे राहिले. विनीत उठला.

"पप्पा, अजून एकदा. प्लीज."

"राहू दे रे. तुझी आई बरी आहे साहेब."

"तिला रडू येतं," तो म्हणाला आणि जिन्यात निघूनही गेला.

मी खुर्ची रिकामी केली आणि यांना हाताला धरून बसवलं. टकटक झाली.

"मे आय कम इन, सर?"

यांचे गुडघे हलले. हात खुर्चीच्या हातांवर रेटले गेले, अंग वर उचललं जायला लागलं. मी मागून खांद्यावर हात ठेवला आणि दाबून धरला.

"बसा हो," मी हळूच म्हटलं. "आपलाच आहे तो."

हे बसले. पाठ खुर्चीला टेकवली. घसा साफ केला.

"कम इन," म्हणाले.