मान ऑन

आमच्या खारदांड्याच्या कोळीवाड्यात फुटबॉल शिकवायचा मक्ता राजाराममामाकडे होता. मामा म्हणजे आईचा सख्खा भाऊ. सकाळी बोटीवर, संध्याकाळी मैदानात, आणि आवाज दोन्हीकडे तोच. त्याच्या शिकवणीचा गाभा दोन शब्दांचा: "मान ऑन!" तरुणपणी अंधेरीला एका मोठ्या क्लबचा सराव त्यानं कुंपणाबाहेरून पाहिला होता. तिथला कोच असं काहीतरी ओरडला आणि खेळाडूनं मान वळवून मागे पाहिलं. मामानं अर्थ लावून टाकला. पंखा ऑन, मिक्सर ऑन, तशी मान ऑन.

आम्ही सगळे यावरच वाढलो. कुणी "मान ऑन" म्हटलं की दांड्याची अख्खी टीम मागे बघायची, ज्यांच्या पायात बॉल नाही तेसुद्धा. मुंबईच्या खालच्या डिव्हिजनमध्ये हे खपून जातं. तिथं समोरचा धापा टाकत पोहोचेपर्यंत मान वळवून त्याची विचारपूसही करता येते. मी, म्हणजे निमेश, त्याच डिव्हिजनमध्ये म्हातारा झालो. माझी धाकटी बहीण नेत्रा मात्र लीगमध्ये चमकली आणि थेट भारताच्या कॅम्पला गेली. मला आनंद झाला. जळफळाटही झाला, खोटं कशाला बोलू.

आठवडाभरातच तिचा फोन आला.

"वाट लागली रे दादा."

कॅम्पमध्ये मणिपूरची एक मुलगी तिला "मान ऑन" ओरडून सांगायची, नेत्रा इमानदारीत मान वळवायची, आणि मान परत येईपर्यंत बॉल गेलेला असायचा. सारखं तेच व्हायला लागल्यावर कोच रश्मी मॅडमनी खेळ थांबवला आणि विचारलं, ती काय ओरडली ते कळलं का? नेत्रानं छाती पुढे काढून सांगितलं, "नेक ऑन, मॅडम." मॅडम हसल्या नाहीत. बाकीच्या गवतावर लोळल्या.

"मान म्हणजे मान नाय रे," नेत्रा म्हणाली. "मॅन. माणूस. मागून माणूस येतोय, पटकन पास दे, असा अर्थ."

"बायकांच्या मॅचमध्ये माणूस कुठून आला?"

"मी पण तेच विचारलं. मग अजून हसल्या."

आणि ती रडायला लागली. मॅडमनी स्पष्ट सांगितलं होतं, ही सवय गेली नाही तर टीममध्ये नाव येणार नाही. "परत आली ना, तर बॉलला पाय नाय लावणार मी," ती म्हणाली. "आणि मामाला यातलं काय बोलू नको."

मी नाही बोललो. पण जित्याची खोड. तिनं खूप प्रयत्न केला, तरी शब्द कानावर पडला की डोक्याआधी मान वळायची. शेवटी मॅडमच कंटाळल्या. म्हणाल्या, वळवायचीच आहे ना, मग बॉल यायच्या आधी वळव. कुणी ओरडायची वाट बघू नकोस. तेव्हापासून नेत्राची मान दिवसभर फिरत राहिली. जेवताना आमटी वाढून घ्यायच्या आधीसुद्धा ती मागे बघायची. पोरींनी तिचं नाव टेबल फॅन ठेवलं. टीम जाहीर झाली तेव्हा टेबल फॅनचं नाव शेवटून दुसरं होतं.

मॅच आम्ही मामाकडे टीव्हीवर बघितली. दुसऱ्या हाफमध्ये नेत्रा उतरली. परक्या देशातलं स्टेडियम, त्यात एवढा गोंगाट की शेजारचीचा आवाज शेजारचीला पोहोचेना. कुणीतरी सावध करेल या भरवशावर असलेल्या आमच्या पोरींच्या पायातले बॉल मागून येऊन एकेक करून नेले जात होते. नेत्राचा मात्र कुणाला नेता येईना. बॉल यायच्या आधी मान इकडे, मान तिकडे, आणि आला की लगेच पुढे. एका पासला तर मी खुर्चीतून उठून उभा राहिलो. आजवर कुणाच्याच पासला उठलो नव्हतो, माझ्या स्वतःच्याही नाही.

आपण हरलो. सपाटून हरायच्या ऐवजी एका गोलानं हरलो.

दुसऱ्या दिवशी तिचा फोन आला. मॅडमनी पुढच्या मॅचला सुरुवातीपासून खेळवणार म्हणून सांगितलं होतं. मामानं माझ्या हातातून फोन ओढून घेतला आणि स्पीकरवर टाकला.

"मान ऑन कोण ओरडत होता गं तुला?"

"कुणीच नाय, मामा," ती म्हणाली. मग तिनं सगळं सांगून टाकलं. मॅन म्हणजे काय, कॅम्पमध्ये काय झालं, सगळं. मामा खाटेवर बसला.

"म्हणजे इतकी वर्षं मी मागून माणूस येतोय म्हणून ओरडत होतो?"

"हो."

"आणि तुम्ही वळून बघत होता?"

"हो, मामा."

"मग दिसायचा का तो?"

"दिसायचा ना. दर वेळेला."

"मग माझं चुकलं कुठं?"

उत्तर माझ्याकडे होतं. मलाही तो माणूस दर वेळेला दिसायचा, आणि धापा टाकत नसला की माझा बॉल घेऊन जायचा. मी म्हटलं, "कुठंच नाही, मामा," आणि चहा टाकायला आत गेलो.