बाई तासाला बसल्या

बस यायला अवकाश होता, तरी बाई आधीच स्टॉपवर येऊन उभ्या होत्या. लांब काळा कोट, केस मागे घट्ट बांधलेले आणि पाठ अशी ताठ, की शेजारचा दिव्याचा खांब पोक काढून उभा आहे असं वाटावं. टाच धापा टाकत पोचली तेव्हा बाईंनी तिला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि एवढंच विचारलं, "पेन आणलंयस ना? मला पण एक लागेल."

टाच हे काही तिचं खरं नाव नव्हे. लहानपणी ती बाईंच्या बॅलेच्या वर्गात आली, तेव्हा उडी मारून खाली येताना तिची उजवी टाच जमिनीला टेकायचीच नाही. टाच, टाच, अगं टाच, असं बाईंनी इतक्या वेळा सुनावलं की नव्या मुलींना ते तिचं नावच वाटलं. पुढे टाच टेकायला लागली, पण नाव चिकटलं ते चिकटलंच. घरी तिचे बाबासुद्धा फोनवर "टाच क्लासला गेलीय" असं सांगून मोकळे व्हायचे.

आता टाच विद्यापीठात जाणार होती. जीवशास्त्राला प्रवेश मिळाला होता, वसतिगृहात खोली ठरली होती, आईनं कपाटावरची मोठी बॅग खाली काढून पुसून ठेवली होती. वर्ग सुरू व्हायच्या आधी एका शनिवारी नव्या मुलांनी यावं, दोन-तीन तासांना बसून पाहावं, सोबत घरचं एखादं माणूस आणलं तरी चालेल, असं विद्यापीठानं कळवलं होतं. बाबा शीतगृहातली यंत्रं दुरुस्त करायचे. शनिवारी त्यांना मान वर करायला फुरसत नसे. आई इस्पितळाच्या धुलाईघरात कामाला होती, तिला ड्यूटी बदलून मिळाली नाही. तेव्हा टाच एकटीच जाणार होती. त्या दिवशीचा क्लास बुडेल, हे सांगायला ती बाईंकडे गेली ती बोलणी खायच्या तयारीनंच.

बाई रागावल्या नाहीत. उलट तिथे काय काय दाखवतात, तासाला बाहेरच्या माणसाला बसू देतात का, मधेच काही विचारलेलं चालतं का, असं त्यांनीच खोदून खोदून विचारलं. सोबत कोणी येत नाही म्हटल्यावर तर त्या एका पायावर तयार झाल्या. बॅलेच्या बाईंबद्दल हे म्हणताना जरा हसू येतं, पण दुसरा शब्द सापडत नाही.

बसमध्ये टाच बाईंच्या शेजारी बसली. तिच्या पोटात एक गोष्ट दडून बसली होती. काही दिवसांपूर्वी बाईंनी वर्गातल्या मोठ्या मुलींना एका फिरत्या बॅले कंपनीच्या निवडीला पाठवलं होतं. अनुभव येऊ दे, एवढ्यापुरतंच. त्यात टाचेची निवड झाली. गावोगाव फिरायचं, मागच्या रांगेत नाचायचं. सोमवारपर्यंत कळवा, असं कंपनीच्या व्यवस्थापकांनी सांगितलं होतं. टाचेनं हे घरी सांगितलं नव्हतं. घर विद्यापीठाच्या आनंदात, त्यात हे घुसवायचं कुठे? धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, अशी गत. मनातून तिला वाटायचं की बाईंनीच एकदा दरडावून म्हणावं, कुठे चाललीस, नाचणाऱ्या मुलीनं नाचावं. म्हणजे ठरवायचं ओझं आपल्यावर राहणार नाही. आणि बाई तर खिडकीबाहेर बघत, पुलाखालचं पाणी एवढं हिरवं का दिसतं ते तिला विचारत होत्या.

विद्यापीठाच्या दारात एका मुलीनं टाचेच्या छातीवर 'नवीन' आणि बाईंच्या कोटावर 'पालक' अशी चिठ्ठी चिकटवली. बाईंनी मान खाली घालून ती वाचली. जराशी तिरकी लागली होती, ती काढून सरळ लावली.

पहिला तास हाडांवर होता. उतरत्या बाकांचा मोठा वर्ग आणि खाली टेबलामागे एक तरुण प्राध्यापक, शर्टाची एक बाही दुमडलेली, दुसरी दुमडायची राहून गेलेली. बाईंचं खुब्याचं दुखणं जुनं. कठड्याला धरून पायऱ्या उतरताना त्यांचा ओठ दाताखाली गेलेला टाचेनं पाहिला. तिला मागेच कुठेतरी बसायचं होतं, पण बाई थेट दुसऱ्या बाकावर जाऊन बसल्या.

प्राध्यापक सांगत होते, हाड म्हणजे घराचा खांब नव्हे, एकदा उभा केला की काम संपलं. हाड रोज थोडं मोडतं आणि रोज थोडं बांधलं जातं. जिथे भार पडतो तिथे जास्त बांधलं जातं. तुम्ही कसे चालता, काय उचलता, कुठल्या पायावर रेलून उभे राहता, हे सगळं त्याला कळतं. दहाएक वर्षांत बराचसा सांगाडा नवा झालेला असतो.

बाईंचा हात वर गेला. बाकीची मुलं हात वर करत तसा कोपरात वाकलेला नव्हे. खांद्यापासून बोटांच्या टोकापर्यंत सरळ. प्राध्यापक बोलता बोलता थांबले.

"माझा खुबा मी जन्मभर वापरला," बाई म्हणाल्या. "तुम्ही म्हणता तसं असेल तर तो लोखंडासारखा व्हायला हवा होता. मग झिजला कसा?"

मागच्या बाकांवर खसखस पिकली. टाचेचे कान तापले. प्राध्यापक मात्र हसले नाहीत. तुम्ही काय करता, असं त्यांनी विचारलं. बॅले शिकवते, त्याआधी नाचत होते, असं बाईंनी सांगितलं. मग प्राध्यापकांनी फळ्यावर सांध्याचं चित्र काढलं. झिजलंय ते हाड नव्हे, हाडाच्या टोकावरचं गुळगुळीत अस्तर, म्हणजे कूर्चा. तिला रक्त पोचत नाही, त्यामुळे एकदा गेली की गेली. हाड तुमचं मजबूतच असणार. बॅले करणाऱ्यांचं पायाच्या अंगठ्याशेजारचं लांब हाड तर चांगलं जाड झालेलं असतं. आणि जरा अडखळत ते म्हणाले, तुमची हरकत नसेल तर या मुलांना ते नेमकं कुठे असतं ते तुमच्या पायावर दाखवता येईल.

टाचेला वाटलं, झालं, आता बाई उठून चालू लागणार. इतक्या वर्षांत तिनं बाईंचा उघडा पाय कधी पाहिला नव्हता. कुणीच पाहिला नव्हता.

बाई उठल्या, खाली गेल्या, खुर्चीवर बसल्या. बूट काढला, मोजा काढला, मोज्याची घडी करून बुटात ठेवली आणि प्राध्यापकांनी पुढे केलेल्या स्टुलावर पाय ठेवला.

पाय बघवत नव्हता. अंगठा आत वळलेला, त्याच्या मुळाशी सुपारीएवढं हाड बाहेर आलेलं, बोटं एकमेकांवर चढलेली, एक नख काळं पडलेलं. मुलं बाकांवरून उतरून भोवती जमली. हसणं कुठल्या कुठे गेलं. प्राध्यापक विचारून, हळूच बोट ठेवत हाडाची रेघ दाखवत होते आणि बाई स्वतःच वाकून त्या पायाकडे बघत होत्या, कुणीतरी इतक्या वर्षांनी त्यांची त्याच्याशी ओळख करून द्यावी तशा. हे किती वर्षांत होतं? दुखावलं की जास्त बांधलं जातं का? डाव्या-उजव्यात फरक पडतो का? त्यांचे प्रश्न संपत नव्हते. मग त्यांनी टाचेकडे हात केला.

"ही लहानपणापासून माझ्याकडे आहे. हिचंही झालं असेल का असं?"

"असणार," प्राध्यापक म्हणाले.

"आणि नाच सोडला तर?"

"तर हळूहळू पातळ होत जाईल. हाडाला भार लागतो. पण सगळं जात नाही. थोडं राहतं."

टाचेनं बुटाच्या आत बोटं आवळली. त्या हाडाकडे तिचं आजवर लक्ष गेलंच नव्हतं.

तास संपल्यावर दोघी कॅन्टीनमध्ये चहा घेत बसल्या. बाईंचे गाल लाल झाले होते. कूर्चेचं आपल्याला कुणी सांगितलंच नव्हतं, आपण इतकी वर्षं हाडांना दोष देत बसलो, असं त्या दोनदा म्हणाल्या. मग कपावर फुंकर घालत त्यांनी विचारलं, "कंपनीला कळवलंस?"

टाचेचं बिस्किट चहात पडलं.

"तुम्हाला माहीत होतं?"

"तुझी निवड झाली त्याच दिवशी त्यांचा मला फोन आला होता."

"मग तुम्ही काही बोलला का नाहीत?"

"तू बोलली नाहीस म्हणून."

टाच कपातलं बिस्किट चमच्यानं काढत राहिली. जरा वेळानं तिनं खालमानेनं सांगून टाकलं, की तुम्ही मला थांबवाल असं वाटलं होतं.

"मलाही वाटलं होतं," बाई म्हणाल्या. "राग येईल असं वाटलं होतं. तुझा नाही, या जागेचा. म्हटलं, बघून तरी येऊ, तिथे असं काय आहे जे आपल्याकडे नाही."

"मग?"

"इथे विचारता येतं. आपल्याकडे विचारायला थांबलं की संगीत पुढे निघून जातं."

शेजारच्या टेबलापाशी कुणीतरी खुर्ची ओढली. टाचेनं तो आवाज थांबू दिला. मग इतक्या वर्षांत जे विचारलं नव्हतं, ते विचारलं.

"बाई, मी कितपत चांगली आहे?"

बाईंनी कप खाली ठेवला, त्याचा कान आपल्याकडे वळवून घेतला.

"तुला मागच्या रांगेत उभी केली तर रांग सरळ राहील. हे सगळ्यांना जमत नाही. पण पुढे तू येणार नाहीस. मीही आले नव्हते."

टाचेला हे ठाऊक होतं. ठाऊक असणं निराळं आणि बाईंच्या तोंडून ऐकणं निराळं. तिनं चहाचा घोट घेतला आणि विचारलं, तुम्हाला वाईट वाटायचं का?

"नाही गं. मजेत होते मी. आजही कुणी बोलावलं तर जाईन. पण मला दुसरं काही बघावंसंच वाटलं नाही कधी. तू मात्र पहिल्या दिवसापासून सरावाच्या दांड्याला धरून खिडकीबाहेर बघतेस."

"म्हणजे मी कंपनीत जाऊ नको?"

"ते मी सांगणार नाही," बाई म्हणाल्या. त्यांचा आवाज आता वर्गातला होता. "पण सोमवारची वाट बघू नकोस. त्यांनाही दुसरी मुलगी शोधायची असते."

मग त्यांनी भिंतीवरचं वेळापत्रक वाचलं. पुढचा तास मुंग्यांवर होता. मुंग्यांचं काय शिकवत असतील एवढं, असं स्वतःशीच म्हणत त्या उठल्या आणि एक पाय जपून टाकत निघूनही गेल्या.

टाचेनं गार झालेला चहा संपवला. मग लांब बोळकांडीच्या टोकाला, सूचनाफलकाशी उभं राहून तिनं व्यवस्थापकांना फोन लावला. आपण येत नाही, हे कसं सांगायचं ते मनात जुळवून ठेवलं होतं. निम्मं बोलून व्हायच्या आतच ते म्हणाले, "ठीक आहे, कळवलंत ते बरं झालं," आणि फोन ठेवला. ओरडा नाही, आग्रह नाही, पुन्हा विचार करा असंसुद्धा नाही. बॅलेचे बूट बांधायलाही याहून जास्त वेळ लागायचा. टाचेनं फलकाकडे तोंड केलं आणि कुणाला कळू न देता रडून घेतलं. ग्रंथालयाच्या वेळा, हरवलेली छत्री, खोली भाड्यानं देणे आहे, हे सगळं तिनं पाण्याआडून वाचलं. मग नळावर तोंड धुतलं.

तास केव्हाच सुरू झाला होता. तिनं दार किलकिलं केलं आणि तिथेच थबकली. बाईंच्या क्लासमध्ये उशिरा आलेल्या मुलीला दारातूनच परत जावं लागे. बस चुकलेली असो, पावसात भिजून आलेली असो, बाई नुसत्या मान हलवायच्या, आणि त्याला अपवाद कधी कुणी पाहिला नव्हता.

बाईंनी मागे वळून पाहिलं. शेजारच्या जागेवरची पिशवी उचलून मांडीवर घेतली आणि दुखऱ्या खुब्यासकट बाकावर आत सरकल्या. टाच येऊन बसली. तिच्या डोळ्यांकडे बाईंनी एकदा नीट पाहिलं. तिच्या कानाशी झुकल्या.

"फार काही चुकलं नाही तुझं," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "मुंगीला कान नसतात. जमिनीची थरथर तिला पायातून कळते. एवढंच झालंय आत्तापर्यंत."

आणि त्या पुन्हा फळ्याकडे वळल्या.